जयमालाचे सात किलो

सात किलो म्हणजे किती, हे एकदा हातात धरून बघा. एक कलिंगड आणि वर एक बरीशी पपई, झालं. तेवढ्या वजनात एका बाईनं तीन आठवडे काढायचे. कपडे, साबण, चप्पल, गोळ्या, टॉवेल, सगळं त्यातच. स्वस्तातल्या विमानांचा नियमच तसा. जरा वर गेलं की काउंटरवरची पोरगी गोड हसते आणि तुम्हाला खिशात हात घालायला लावते. आणि ह्या एवढ्याशा जागेत टोकियोतल्या आमच्या ओजिमा वस्तीतल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी काय काय कोंबलं, ते ऐकलंत तर तुम्हीसुद्धा कपाळाला हात लावाल. मी तर अजून लावते.

ती बाई म्हणजे जयमाला. नवव्या मजल्यावर ती, आठव्यावर मी. ओजिमाच्या ह्या उंच सरकारी इमारतींत आपली माणसं इतकी, की संध्याकाळी लिफ्टमधनं वर जाताना कुठल्या मजल्यावर कशाची फोडणी पडली ते नाकाला कळतं. जयमाला विट्याची आणि मी तासगावच्या अलीकडच्या एका खेड्यातली, म्हणजे मुलूख एकच. नवरा पुण्याचा, त्यामुळं इथल्या मराठी मंडळात ती पुण्याचं मराठी बोलते. माझ्याकडं आली की चपला दारात काढते तशी ती भाषाबी दारातच काढून ठेवते. "आक्का, हाईस का?" एवढं ऐकलं की माझा दिवस बरा जातो. पुस्तकी मराठी बोलणाऱ्यांना ही बोली गावंढळ वाटते. वाटू दे. त्यांना रागावताबी येत नाही नीट.

तिच्या वडलांचं विट्याच्या एसटी स्टँडवर कँटीन होतं. पोरगी शाळेतनं आली की थेट कढईपाशी. वडे तळायचे आणि जाळीतनं गाड्यांच्या पाट्या वाचायच्या. पणजी, विजापूर, हैदराबाद. सगळ्या पाट्या पाठ, पण एकाबी गाडीत बसली नाही, कारण कढई कुणी बघायची? बसली ती लग्नानंतर थेट विमानात. नवऱ्याला, श्यामला, इथल्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम मिळालं, लेक ओवी तेव्हा कडेवर होती. पोरगी शाळेत रुळल्यावर जयमालानं स्टेशनजवळच्या सुपरमार्केटात पार्टटाइम धरलं. आणि काम कसलं मिळावं? तळणाचं. कोरोक्के म्हणून बटाट्याचे कटलेट असतात, ते तळायचे.

"विट्याला वडं, हितं कोरोक्के," ती म्हणायची. "मुलूख बदलला आक्का, पण कढई काय सुटंना."

तिथं तिच्या शेजारी कटलेटांना पावाचा चुरा लावायला मात्सुदा-सान म्हणून एक जपानी बाई उभी असायची. साठी ओलांडलेली, नवरा वारलेला, अंगानं काटकुळी. ही बाई दरवर्षी पाठीवर एक सॅक टाकून एकटीच कुठल्या तरी गरम बेटावर जाते आणि काळी कुळकुळीत होऊन येते. जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइलवर फोटो दाखवायची. निळं पाणी, पाण्याखाली मासे, दहा जणींच्या खोलीतली दुमजली पलंगावरची जागा, रस्त्याकडेला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून खाल्लेली भाताची थाळी. जयमाला बघत राहायची. मग एक दिवस तिनं विचारलं, मला जमेल का? मात्सुदा-साननं उलट विचारलं, पोहता येतं का?

येत नव्हतं. म्हणून ही बाई शेहेचाळिसाव्या वर्षी आमच्या वॉर्डाच्या तरणतलावात जाऊन पोहायला शिकली. लहान पोरांच्या शेजारच्या पट्ट्यात, डोक्याला गच्च रबरी टोपी, हातात फळकूट. नाकातोंडात पाणी गेलं, कानाला दडे बसले, एकदा पाय मुरगळला. वर्षभर गेली. श्यामला वाटायचं, वजन कमी करायला चाललीय.

ओवी कॉलेजला सेंदाईला जायचं नक्की झालं, तसा हिनं बेत बाहेर काढला. मे महिन्यातल्या सुट्ट्यांची गर्दी सरली की तिकिटं उतरतात, तेव्हा निघायचं. पहिल्यांदा जपानच्याच दक्षिणेला, इशिगाकीला. तिथनं बोटीनं आजूबाजूची बेटं. मग तैपेई शहर. मग फिलिपिन्समध्ये सेबू आणि बोहोल बेट. मग सायगाव, शेवटी बँकॉक आणि परत. जायचं आणि यायचं तिकीट काढलं. मधली विमानं दर बघून काढायची होती. व्हिसाचं ओवीनं बसवून दिलं. तीन आठवडे सुपरमार्केटातनं सुट्टी मंजूर झाली. मात्सुदा-साननं कपड्यांच्या गुंडाळ्या कशा करायच्या ते शिकवलं. सगळं भरून सॅक सहा किलोच्या आत आली. त्यात पाण्यात तोंड घालून मासे बघायचा चष्मा आणि श्वासाची नळी होती. तो चष्मा तिनं किती दुकानं फिरून घेतला ते मला माहीत आहे, कारण मीच बरोबर होते आणि माझेच पाय दुखले.

आणि मग श्यामनं घोळ केला. माणूस वाईट नाही. पण कौतुक पोटात ठेवायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नाही. पाडव्याला मंडळाचा कार्यक्रम होता, श्रीखंडपुरीच्या पंगतीत ह्यानं मोठ्यानं सांगितलं, "आमच्या मॅडम बॅकपॅकिंगला चालल्यात! एकट्या!"

विभाताईंनी हातातली पुरी ताटात ठेवली. त्यांचे मिस्टर बँकेच्या टोकियो शाखेत मोठ्या हुद्द्यावर. मंडळाचं कुंकू त्यांच्याच कपाळाला आहे असं त्या चालतात. "एकटी? श्याम, घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे की."

"मग एकटी कशाला?"

"मला समुद्रात पोहायचं आहे," जयमाला म्हणाली.

"अगं, समुद्र आपल्या उरायासूला पण आहे. ट्रेननं जा, संध्याकाळी परत ये."

सगळे हसले. मग विभाताईंनी विचारलं, जातेस कुठं कुठं? जयमालानं भाबडेपणानं सगळी नावं सांगितली. बँकॉकचं नाव निघालं आणि विभाताईंचा चेहरा उजळला. "अगं, बँकॉकला माझी भाची आहे! तिच्याकडेच उतर!"

आता इथं एक सांगितलं पाहिजे. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांत एक रीत आहे. कुणीही विमानात बसला, की त्याच्या बॅगेत सगळ्यांचा हक्क. रीत वाईट नाही. ओवी लहान असताना तिला जो खोकला व्हायचा, त्याचं औषध मंडळातल्या चारुदत्तकाकांनी मुंबईहून आणून दिलं होतं. श्यामच्या आईनं शेवटची भाजणी केली, ती मंडळातल्याच दीप्तीनं आणली. ही देवघेव मीबी केली आहे. पण तेव्हा माणूस मुंबईला जातो, दोन मोठाल्या बॅगा घेऊन, घरचा माणूस मोटार घेऊन विमानतळावर उभा असतो. पाठीवर सॅक घेऊन बेटाबेटांवर चालत जाणाऱ्या बाईला ही रीत लावायची? हातगाडीला नांगर जुंपायचा हा प्रकार.

पण लावली. आठवडाभर नवव्या मजल्याची बेल वाजत राहिली.

विभाताई आल्या, त्या खोकं घेऊन. खोक्यात भाचीसाठी राइस कुकर. "लहानातला आहे गं. तीनच जणांचा." चारुदत्तकाका आले. त्यांचा कंपनीतला जुना मित्र मनिलाला असतो, त्याच्या गुडघ्यांसाठी इथल्या चिकटपट्ट्यांची थप्पी. "वजन काय त्याला? कागदच तो. आणि जयमाला, तू त्याच्याकडे दोन दिवस राहा. बोहोलबिहोल राहू दे. मनिला बघ, मॉल फार छान आहेत." दीप्ती उरायासूहून ट्रेननं आली. तैपेईच्या बहिणीला बाळ झालेलं, त्याची झबली, दुपटी, वर डिंकाचे लाडू. मंडळातल्या शशांकनं ऑफिसला जाता जाता एक लांबट चपटं खोकं दिलं, दुकानातनं सुंदर कागदात बांधलेलं. सायगावच्या मेव्हण्यासाठी. "वहिनी, हे फक्त उघडू नका हं. पॅकिंग फार छान केलंय त्यांनी."

एकानंही विचारलं नाही, जागा आहे का. एकानंही! "तू जातेच आहेस तर" असंच प्रत्येकाचं तोंड उघडलं. जणू ही बाई त्यांच्याच कामाला निघाली होती, आणि वाटेत जमलं तर एखादं बेट बघणार होती.

मी तिच्या घरी गेले तेव्हा श्याम टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. आनंदात होता बिचारा.

"बघा ना," मला म्हणाला, "तैपेईला दीप्तीची बहीण, मनिलाला काकांचे मित्र, सायगावला शशांकचा मेव्हणा, बँकॉकला भाची. राहण्याचा खर्च शून्य! बजेट ट्रिप हिला हवी होती, ह्याहून स्वस्त काय असणार?"

"आणि बेटं?" मी विचारलं.

"इशिगाकी आहे की. एक दिवस कमी केला फक्त. सेबूबोहोलला आपलं कुणी नाही ना. हॉस्टेलमध्ये दहा बायकांत झोपण्यापेक्षा घरची पोळीभाजी काय वाईट?"

जयमाला जमिनीवर सॅकपुढं बसली होती. कुकर आडवा बसेना, उभा घातला तर वर तोंड मिटेना. तिनं आपल्या सँडल काढल्या. मग रेनकोट काढला. शेवटी तो चष्मा आणि नळी काढून बाजूला ठेवली.

माझी शीर तडकली. "जयू, हे काय करतीस?"

"मग काय करू आक्का? न्हाई कसं म्हणू? ओवीचं औषध आणल्यालं त्यांनी."

"औषध आणलं म्हणून जन्मभर त्यांची हमाली करणार? वर्षभर नाकात पाणी घालून घेतलंस ते बँकॉकला कुकर पोचवायला?"

"उद्या आपल्यालाही लागतं हो कुणीतरी," श्याम मधेच म्हणाला.

"लागतं तेव्हा मुंबईचं विमान असतं!" मी म्हटलं. "तुमच्या विभाताईंना सांगा की, भाचीला बँकॉकातच कुकर मिळतो. तिथली माणसं काय भात खात नाहीत?"

मी तरातरा खाली आले. घरात दोन ताटल्या उगाच जोरात आपटल्या, त्यातल्या एकीचा टवका उडाला. ती अजून वापरते. विभाताईंची आठवण म्हणून.

निघायच्या दोन दिवस आधी मात्सुदा-सान सॅक तपासायला आली. जयमालानं मलाही बोलावलं, तिला बहुधा कुणीतरी बाजूनं पाहिजे होतं. मात्सुदा-साननं सॅक हातकाट्याला अडकवली आणि दोन्ही हातांनी उचलली. आकडा बघितला आणि खाली ठेवली. मग एक एक वस्तू बाहेर काढली. कुकर निघाला तेव्हा तिनं आधी त्याच्याकडं, मग जयमालाकडं बघितलं. "तिकडे रोज स्वतः भात करणार?" अगदी सरळ विचारलं. जयमालानं मान खाली घातली आणि सगळं सांगितलं.

मात्सुदा-साननं ते लांबट खोकं हातात घेतलं. कागदावरचा दुकानाचा शिक्का वाचला आणि ते टेबलावर हळूच ठेवलं, चटका बसल्यासारखं.

"होच्यो," म्हणाली.

होच्यो म्हणजे सुरी. स्वयंपाकघरातली, कोंबडी चरचर कापली जाईल अशी. शशांकनं ती हिच्या पाठीवर बांधून विमानाच्या आतल्या सामानात पाठवली होती. विमानतळावर यंत्राखालनं गेली असती, की पोलीस हिला बाजूला घेऊन विचारत बसले असते, बाई, ही कुणाची आणि कशाला? आणि हिनं काय सांगायचं? उघडू नका म्हणाले म्हणून उघडली नाही?

जयमालानं तिथल्या तिथं शशांकला फोन लावला. स्पीकरवर.

"शशांक, त्या खोक्यात सुरी आहे?"

"हो वहिनी, साकाईची! हातानं घडवलेली. मेव्हणा एकदम फूडी आहे."

"माझ्याकडे फक्त हातातली सॅक आहे. विमानात सुरी चालत नाही."

"अहो, चेक-इनला टाका ना."

"चेक-इन घेतलेलंच नाही मी."

"मग घ्या की एक बॅग. एवढं फिरताय तुम्ही, त्यात काय एवढं?" आणि हसला. "चला वहिनी, मीटिंग आहे. हॅपी जर्नी!"

फोन बंद झाला. मी शशांकच्या सात पिढ्या काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात जयमाला उठली. ओरडली नाही, रडली नाही. सॅक उपडी केली. आपले कपडे घातले, सँडल घातल्या, रेनकोट घातला, चष्मा आणि नळी सगळ्यात वर. चेन लावली. उरलेलं सगळं दोन मोठ्या पिशव्यांत भरलं आणि मला म्हणाली, "आक्का, कुकर धर."

"कुठं निघालीस?"

"कोंबिनीत."

आमच्या इमारतीखालच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, कुरिअर घेतात. मालक म्हातारा आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. जयमालानं चार पार्सलं पुढं ठेवली आणि म्हणाली, "चाकुबाराई." म्हणजे हशील घेणाऱ्यानं द्यायचं. ज्याच्या दारात जाईल, त्यानं पैसे मोजून सोडवून घ्यायचं.

म्हाताऱ्यानं पहिला पत्ता वाचला. चष्मा वर केला. परत वाचला. "ही तर समोरची इमारत आहे. पलीकडच्या जिन्यानं गेलात तर..."

"हो," जयमाला अदबीनं वाकून म्हणाली. "चाकुबाराईनंच जाऊ द्या."

मात्सुदा-सान मागं उभी होती. तिनं तोंडावर हात धरला, पण खांदे हलताना मला दिसले. म्हाताऱ्यानं सुरीवर 'जपून' अशी चिठ्ठी लावली आणि चारही पार्सलं मागं नेली.

संध्याकाळी श्याम आला. कोपरा रिकामा.

"सामान कुठाय?"

"गेलं."

"कुठं?"

"ज्याच्या त्याच्या घरी. परवा सकाळी पोचेल."

"अगं! लोक काय म्हणतील?"

"म्हणायचं ते तुम्हाला म्हणतील," जयमाला म्हणाली. "मी तेव्हा विमानात असेन. आता तो लॅपटॉप इकडे करा."

आणि त्याच्याच समोर बसून तिनं तैपेईहून सेबूचं तिकीट काढलं. मनिला बेतातनं गेलं. मग तिथल्या चारही घरी राहायला न येण्याबद्दल नीट निरोप लिहिले. ती विट्याची असली तरी उर्मट नाही. उर्मट मी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती नारिता विमानतळावर गेली आणि इकडं कुरिअरचा माणूस दारोदार वाकला. विभाताईंनी मला दुपारी लिफ्टमध्ये गाठलं.

"माझाच कुकर, आणि पैसे मी द्यायचे?"

"मग कुणी द्यायचे ताई?"

"आम्ही तिची राहायची सोय केली होती! घरच्यासारखं! ही काय पद्धत झाली?"

"तुम्ही तिला विचारलं होतं, सॅकमध्ये जागा आहे का?"

"आपल्या माणसाला काय विचारायचं?"

"मग आपल्या माणसानं परत पाठवलं तर राग कशाचा?" तेवढ्यात आठवा मजला आला आणि मी उतरले. चारुदत्तकाकांनी मंडळाच्या ग्रुपवर 'सामाजिक बांधिलकी' असा लांबलचक मजकूर टाकला. त्याच्याखाली श्यामनं दिवसभरानं लिहिलं, "सॅकची मर्यादा सात किलो होती काका. मी आधीच सांगायला हवं होतं." तेवढंच. पण त्याच्या मानानं लई झालं.

जयमाला परत आली ती ओळखू येत नव्हती. नाकाची साल निघालेली, गुडघा प्रवाळावर खरचटलेला, सँडलचा पट्टा दोऱ्यानं शिवलेला. सायगावात पोट बिघडलं. बोहोलला दोन दिवस नुसता पाऊस. हॉस्टेलात वरच्या पलंगावरची बाई अशी घोरायची की भिंत हलावी. इशिगाकीच्या शेजारच्या बेटावर रेड्याच्या गाडीत बसायला लोक तिकीट काढतात म्हणाली. मी म्हटलं, आमच्या गावात फुकट बसवलं तरी कुणी बसत नाही.

"आन् पाण्यात?" मी विचारलं.

"पाण्यात तोंड घातलं, तर खाली कासव. हे एवढं, परातीएवढं. माझ्याकडं बघितलं आन् गेलं आपल्या वाटंनं." मग म्हणाली, "आक्का, तीन म्हैन्यांत पयलं कुणीतरी भेटलं, ज्यानं काय बरोबर दिलं न्हाई."

त्यानंतर इथला सगळा उन्हाळा विभाताई तिच्याशी बोलल्या नाहीत. गणपतीत आरतीचं ताट तिच्यापुढनं भर्रकन नेलं. जयमालानं हात लांब करून घेतलीच आरती.

दिवाळीला ती देशात जायला निघाली. दोन मोठाल्या बॅगा घेऊन, रीतीप्रमाणं. तिनं स्वतःच ग्रुपवर लिहिलं, माझ्याकडे तीन किलो जागा आहे. आणि काय सांगू, विभाताईंचा वेगळा निरोप आला. भाची दिवाळीला मुंबईला येतेय, कुकर नेता येईल का? शेवटी प्रश्नचिन्ह होतं. मी ते डोळे फाडून बघितलं.

"नगं म्हण," मी सांगितलं. "मी असते तर दारात उभी केली नसती."

"जागा हाय तर का नगं म्हणू?" जयमाला म्हणाली आणि त्यांना बोलावलं.

विभाताई खोकं घेऊन आल्या. जयमालानं चहा टाकला, मग हातकाटा आणला आणि त्यांच्यादेखत खोकं अडकवून उचललं. तीनाच्या वर आकडा गेला. थोडासाच.

"विभाताई, आतला मापाचा कप आणि पळी काढा," ती म्हणाली.

विभाताईंनी खोकं उघडलं. खाली बसून दोन्ही काढलं. जयमालानं परत वजन केलं, मान हलवली आणि चहा ओतला.

मी खाली जायला दाराबाहेर पडले तेव्हा त्या लिफ्टची वाट बघत उभ्या होत्या, एका हातात मापाचा कप, एका हातात पळी.